जुना सिनेमा किंवा मालिका पुन्हा पाहायची आहे? आधी प्रत तपासा, मग मत बनवा

‘लहानपणी काय वेडे होतो आपण त्या सिनेमासाठी! परवा बघितला, अर्ध्यातच बंद केला.’ असं सांगणाऱ्याला कसा बघितला ते विचारा. उत्तर बहुधा ठरलेलं असतं. यूट्यूबवर पहिली सापडली ती प्रत, मोठ्या टीव्हीवर आडवी ताणलेली, रविवारी जेवणानंतरच्या सुस्तीत, शेजारी जबरदस्तीने बसवलेली मुलं आणि हातात फोन. अशा बैठकीत चांगल्यातला चांगला सिनेमाही तग धरत नाही.

निराशेचा बराच वाटा प्रतीचा, पडद्याचा आणि घाईचा असतो. तो आधी वेगळा काढला, की मग जे मत उरतं ते तुमचं स्वतःचं. सिनेमा खरंच जुनाट निघाला तर तसं खुशाल म्हणा, पण भलत्या प्रतीवरून म्हणू नका. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. पहिला टप्पा तर नंतर करताच येत नाही.

## टप्पा १: काहीही शोधण्याआधी आठवतंय ते लिहा

सिनेमा पुन्हा पाहिला की जुनी आठवण आणि नवं दृश्य एकमेकांत मिसळतं. दोन दिवसांनी ‘हे मला आधीपासून आठवत होतं’ की ‘हे मी परवा पाहिलं’, ते तुम्हालाही सांगता येत नाही. म्हणून कागद-पेन घ्या आणि एवढं उतरवा:

१. कुठे आणि कशावर पाहिलं. थिएटर, गणपतीच्या मांडवातला पडदा, शेजारच्यांचा कृष्णधवल टीव्ही, भाड्याने आणलेला व्हीसीआर, केबल. रंगीत सिनेमा कृष्णधवल टीव्हीवर पाहिला असेल तर तसं मुद्दाम नोंदवा.
२. सोबत कोण होतं आणि कोण कशाला हसलं किंवा रडलं.
३. तीन प्रसंग, जसे आठवतात तसे. कोण काय बोललं, शब्द चुकले तरी चालतील.
४. शेवट. इथे बहुतेकांची गाडी अडते. अडली तर ‘आठवत नाही’ असंच लिहा.
५. गाण्यांचे मुखडे, मालिका असेल तर शीर्षकगीत.

पूर्ण पाहिलं होतं का, हाही प्रश्न स्वतःला विचारा. दूरदर्शनवर रविवार संध्याकाळचा सिनेमा मध्येच बातम्यांसाठी थांबायचा. बातम्यांनंतर लहान मुलांना झोपायला पाठवणारी घरं काही कमी नव्हती. कित्येकांचा ‘आवडता सिनेमा’ म्हणजे मुळात त्याचा पूर्वार्ध असतो.

सावधान: हे लिहून होईपर्यंत ट्रेलर, रील, मीम काहीही उघडू नका. गाजलेल्या विनोदी सिनेमांच्या बाबतीत हा धोका सगळ्यात मोठा. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) पाठ आहे म्हणणाऱ्यांना पुष्कळदा त्यातली फोनवर फिरणारी वाक्यंच पाठ असतात, त्यांच्या मधला सिनेमा नव्हे.

## टप्पा २: यादी करा, आणि सर्वांत आवडती गोष्ट तिसऱ्या क्रमांकावर ठेवा

सुरुवात सर्वांत लाडक्या सिनेमाने करायची नाही. पहिल्या एक-दोन बैठका प्रत शोधण्यात, टीव्ही लावण्यात आणि जुन्या गतीला डोळे सरावण्यात जातात. त्या खर्ची घालायला ‘बरा होता’ गटातलं काहीतरी घ्या.

निवडताना प्रकाराचाही विचार करा. शाब्दिक विनोद आणि नेमका अभिनय चांगला टिकतो. गाणी बहुतेक वेळा टिकतात. करामती, भुतं, जादू, हाणामारी यांचं वय मात्र लगेच दिसतं. कौटुंबिक अश्रुपटांबद्दल आधी काहीच सांगता येत नाही. ज्यांना हसायला येईल असं वाटत होतं, तेच डोळे पुसताना दिसतात.

मालिकांचं गणित वेगळं. साप्ताहिक मालिका, दूरदर्शनच्या तेरा किंवा सव्वीस भागांच्या असोत किंवा ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’सारखी नंतरच्या खासगी वाहिनीवरची, पुन्हा पाहता येते. दैनंदिन मालिकेच्या वाटेला जाण्यापूर्वी गुणाकार करा. ‘चार दिवस सासूचे’ २००१पासून २०१३पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांहून जास्त भाग झाले. जाहिराती वगळून एक भाग बावीस मिनिटांचा धरला तरी अकराशे तास होतात. रोज दोन तास पाहिलं तर दीड वर्ष. अशा मालिकेचं एकच कथानक ठरवा, म्हणजे एखादं लग्न, एखादं भांडण किंवा एखाद्या पात्राचं येणं, आणि तेवढ्यापुरते वीस-पंचवीस भाग पाहा.

तपासा: यादीत पाचपेक्षा जास्त नावं आहेत? बाकीची दुसऱ्या कागदावर हलवा.

## टप्पा ३: योग्य प्रत मिळवा

लोक सर्वांत जास्त इथे चुकतात. म्हणून इथे वेळ काढा.

### कुठे शोधायचं, कोणत्या क्रमाने

आधी अधिकृत ओटीटी. वाहिनीवरची मालिका असेल तर त्या वाहिनीच्या सध्याच्या मालकाचं ॲप पाहा. वाहिन्यांची नावं बदलली आहेत, हे शोधताना विसरू नका: अल्फा मराठीची झी मराठी झाली, ई-टीव्ही मराठीची कलर्स मराठी. दूरदर्शनच्या कार्यक्रमांसाठी प्रसार भारतीचं ‘वेव्हज’ हे ॲप (नोव्हेंबर २०२४मध्ये सुरू झालं) आणि यूट्यूबवरची प्रसार भारतीच्या संग्रहाची वाहिनी बघा.

त्यानंतर हक्कधारक कंपन्यांच्या यूट्यूब वाहिन्या. बरेच जुने मराठी सिनेमे तिथे पूर्ण आणि फुकट मिळतात. मग डीव्हीडी, मग व्हीसीडी, आणि अगदी शेवटी घरची टेप. कुणीतरी चढवलेली अनामिक प्रत या रांगेत येतच नाही. कायद्याचा भाग आहेच, पण ती बिघडवलेली असण्याची शक्यताही सर्वांत जास्त.

### पूर्ण आहे का?

सिनेमाच्या सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं. आपण ते न वाचता सोडतो, पण त्यावर रिळांची संख्या आणि फिल्मची लांबी लिहिलेली असते. तिथे चित्र थांबवा आणि लांबी टिपून घ्या. ३५ मिलिमीटर फिल्म मिनिटाला ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४ मीटर धावते. मीटरला २७.४ने किंवा फुटांना ९०ने भागलं की मूळ सिनेमा किती मिनिटांचा होता ते कळतं.

समजा लांबी ३,८०० मीटर आहे. भागाकार येतो १३९ मिनिटं. तुमच्या हातातली प्रत १३९ मिनिटांची असेल तर उत्तम. १३३ असेल तरीही ती पूर्ण असू शकते, कारण पुढे सांगतो. ११५ असेल तर कात्री लागली आहे आणि बहुधा गाणी किंवा उपकथानक गेलं आहे.

प्रमाणपत्राच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात त्रिकोण दिसला तर घाबरू नका. सेन्सॉरने प्रदर्शनाआधीच काही भाग कापला होता, असा त्याचा अर्थ. त्या काळी थिएटरमध्ये सगळ्यांनी पाहिलं ते तेच. ‘प्रौढांसाठी’ प्रमाणपत्र असलेले सिनेमे मात्र टीव्हीवर दाखवण्यासाठी कापून पुन्हा प्रमाणित केले जातात. थिएटरमध्ये पाहिलेला एखादा प्रखर सिनेमा आता मवाळ वाटत असेल तर आधी हीच शंका घ्या.

प्रमाणपत्रच कापलेलं असेल तर ‘मध्यंतर’ची पाटी कुठे येते ते पाहा. दोन तासांच्या प्रतीत ती पस्तिसाव्या मिनिटाला आली, तर पूर्वार्धातलं काहीतरी नक्कीच गळलं आहे.

दर दहा-अकरा मिनिटांनी चित्र किंचित उडी मारत असेल, ओरखडे वाढत असतील, तर ती कात्री नव्हे. हजार फुटांचं एक रीळ साधारण तेवढंच चालतं आणि रिळाची टोकं सर्वांत जास्त झिजतात. त्याच सुमारास उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर गोल ठिपका चमकला, तर तो पुढच्या रिळाचा प्रोजेक्टर सुरू करण्यासाठी ऑपरेटरला केलेला इशारा. मला स्वतःला असा ठिपका दिसला की बरं वाटतं. प्रत खऱ्या फिल्मवरून आली आहे, एवढं तरी कळतं.

### ताणलेली किंवा कापलेली आहे का?

जुन्या मालिका ४:३ आकारात आहेत, म्हणजे चार भाग रुंद, तीन भाग उंच. नवा टीव्ही १६:९ आहे. चौकट भरावी म्हणून चित्र आडवं ताणलं तर ते एक तृतीयांशाने रुंद होतं आणि सगळे कलाकार जाड दिसू लागतात. परीक्षा सोपी आहे: भिंतीवरचं घड्याळ, ताट किंवा सायकलचं चाक शोधा. ते गोल दिसलं पाहिजे.

ताणण्याऐवजी वरून-खालून कापलं तर उंचीचा पाव भाग जातो. कपाळं कापलेली, श्रेयनामावलीतली खालची ओळ गायब, नाचताना पाय दिसत नाहीत, ही त्याची खूण. ताणलेलं चित्र रिमोटवरून सरळ करता येतं, कापलेलं परत येत नाही. म्हणून दोन प्रतींमध्ये निवडायची वेळ आली तर डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या असलेली प्रत घ्या. ‘पडदा पूर्ण भरत नाही’ ही तक्रार घरात होईल. होऊ द्या.

### उलटी किंवा बदललेली आहे का?

बेकायदा चढवणारे लोक पकडले जाऊ नये म्हणून चित्र आरशासारखं उलटवतात, भोवती चौकट लावतात, आवाज वर-खाली करतात. नायिकेचा पदर उजव्या खांद्यावर, पंगतीत सगळे डाव्या हाताने जेवतायत, दुकानाची पाटी उलटी, असं दिसलं की ती प्रत तिथेच सोडा.

आवाजाच्या पट्टीबद्दल थोडी सूट द्या. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेम्सनी) चित्रित होतो आणि आपल्याकडची टीव्ही पद्धत २५ चौकटींची. टीव्ही, व्हीसीडी आणि डीव्हीडीसाठी एकेक चौकट तशीच उचलली जायची, त्यामुळे सिनेमा सुमारे ४ टक्के जोरात पळायचा. १३९ मिनिटांचे १३३ होतात ते यामुळे. आवाजही चढतो. पेटीवर एका सुरापासून लगतच्या पट्टीपर्यंत जेवढं अंतर असतं, त्याच्या जवळपास पाऊण. तुम्ही लहानपणी टीव्हीवरच पाहिलं असेल तर तुमच्या कानाला हीच चढी पट्टी ओळखीची असणार आणि नवी, नीट केलेली प्रत किंचित मंद, खर्जातली वाटेल. दोष कुणाचाच नाही, फक्त आधी माहीत असू द्या.

मालिकांमध्ये आणखी एक गोष्ट बघा. हक्कांच्या अडचणीमुळे कधीकधी पार्श्वसंगीत किंवा मध्ये वाजणारं सिनेमातलं गाणं बदललेलं असतं. टप्पा १मधला तुमचा कागद इथे कामाला येतो.

सावधान: सगळं मिळेलच असं नाही. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात टेप महाग होत्या, त्या पुसून पुन्हा वापरल्या जात, आणि कितीतरी कार्यक्रम असेच गेले. एका नावासाठी एक संध्याकाळ द्या. नाही सापडलं तर यादीतलं पुढचं नाव घ्या. शोधण्याच्या नादात पाहणंच राहून गेलेले लोक मी कमी पाहिलेले नाहीत.

## टप्पा ४: घरात टेप किंवा व्हीसीडी असेल तर

टेपच्या खिडकीतून आत पाहा. रिळाच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. मुंबई, कोकण, गोव्यातल्या दमट हवेत हे हमखास होतं. अशी टेप व्हीसीआरमध्ये घालायची नाही. टेप तर फाटतेच, शिवाय बुरशी यंत्राला लागते आणि नंतर घातलेल्या प्रत्येक टेपला पसरते. टेप साफ करून फाइल बनवून देणाऱ्याकडे द्या आणि त्याला तीन गोष्टी स्पष्ट सांगा:

- चित्र ४:३च ठेवा, रुंद करू नका.
- फाइल पेन ड्राइव्हवर द्या, फक्त डीव्हीडीवर नको.
- मधल्या जाहिराती कापू नका.

तिसरी सूचना ऐकून दुकानदार हसतो. पण सिनेमा दुसरीकडे कुठेतरी मिळेल, त्या संध्याकाळच्या जाहिराती आणि निवेदिका मिळणार नाहीत.

व्हीसीडीचं चित्र फक्त ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं असतं, डीव्हीडीच्या पाव. मोठ्या टीव्हीवर त्याचे चौकोनी तुकडे दिसतात. ती लॅपटॉपवर, पडदा न भरता मध्यम खिडकीत पाहा. तबकडी आता चालते आहे तोवर तिच्यातल्या डॅट फाइल्स संगणकावर उतरवून घ्या. व्हीएलसी या व्हिडिओ चालवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या सरळ चालतात. एका तबकडीवर सव्वा तासाच्या आसपासच मावतं, त्यामुळे सिनेमा दोन किंवा तीन तबकड्यांवर असेल. दुसरी आहे आणि पहिली नाही, हा प्रकार बैठकीच्या दिवशी कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा.

## टप्पा ५: टीव्ही लावून ठेवा

हे काम आदल्या दिवशी करा. सगळे जमल्यावर रिमोटशी झटापट सुरू झाली की अर्धा मूड तिथेच जातो.

१. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. सॅमसंगमध्ये तिला ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा ‘पिक्चर क्लॅरिटी’ म्हणतात, एलजीमध्ये ‘ट्रूमोशन’, सोनीमध्ये ‘मोशनफ्लो’. ती चालू असली की टीव्ही दोन चौकटींच्या मध्ये स्वतःच्या मनाने चौकटी बनवतो आणि सिनेमा कालच्या दैनंदिन मालिकेसारखा दिसायला लागतो. ‘काहीतरी खटकतंय’ असं वाटतं ते बहुतेक वेळा हेच. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो लावून मोकळे व्हा.

२. शार्पनेस बराच खाली आणा आणि ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ चित्रप्रकार टाळा. त्यात जुन्या फिल्मचे कण वाळूसारखे उडताना दिसतात.

३. आकार ४:३ किंवा ‘ओरिजिनल’ ठेवा. मघाचं घड्याळ पुन्हा बघा.

४. जुना आवाज एकाच मार्गिकेचा असतो. सराउंड बंद करा, नाहीतर संवाद विहिरीतून आल्यासारखे वाटतात.

५. टेपवरून किंवा डीव्हीडीवरून घेतलेल्या मालिकेत हलत्या हाताच्या कडेला आडव्या बारीक रेषा दिसल्या, तर व्हीएलसीमध्ये ‘डीइंटरलेस’ चालू करा.

एक फरक ध्यानात असू द्या. स्टुडिओत व्हिडिओ कॅमेऱ्यावर केलेल्या मालिका मुळातच सपाट, झगझगीत आणि गुळगुळीत दिसतात. तुम्ही काहीही बंद केलं तरी त्या सिनेमासारख्या दिसणार नाहीत. त्या तेव्हाही तशाच होत्या.

तपासा: कोणतीही दोन मिनिटं लावून पाहा. गोल वस्तू गोल दिसते, संवाद कळतात, हालचाल नैसर्गिक आहे. तिन्ही ठीक असतील तर टीव्हीला पुन्हा हात लावू नका.

## टप्पा ६: सोबत आणि वेळ ठरवा

पहिल्यांदा एकट्याने पाहा, किंवा ज्याने त्या काळी तुमच्याबरोबर पाहिलं होतं त्याच्याबरोबर. भाऊ-बहीण, शाळेतली मैत्रीण, मामेभाऊ. तिसरा पर्याय पहिल्या खेपेला नको.

मुलांना दाखवायची हौस असतेच. पण मुलं शेजारी असली की आपण सिनेमा पाहतच नाही, त्यांचे चेहरे पाहतो. ‘आता बघ हं, आता काय होतं ते’ असं चारदा म्हटलं की त्यांचाही रस संपतो. आधी स्वतः पाहा, मग त्यातली वीस मिनिटं निवडून त्यांना दाखवा. तेवढ्यात त्यांनी ‘पुढे काय?’ विचारलं तर सगळा लावा. नाही विचारलं तर विषय वाढवू नका. परदेशात वाढलेल्या भाच्या-पुतण्यांसाठी सबटायटल असलेली प्रत शोधा. आपोआप तयार होणाऱ्या सबटायटलवर विसंबू नका, मराठी विनोदाचं तिथे भलतंच काहीतरी होतं.

दूरच्या भावंडांबरोबर व्हिडिओ कॉलवर पाहायचं असेल तर सर्वांनी एकच प्रत लावायची, प्रमाणपत्रावर थांबवायची आणि तीन म्हणताच सुरू करायची. वेगवेगळ्या प्रती असतील तर चार टक्क्यांचा फरक तुम्हाला अर्ध्या तासातच एका मिनिटाहून जास्त मागे-पुढे करेल.

मालिकेची गती मूळच्या गतीच्या जवळ ठेवा. ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ला सुरू होऊन ३१ जुलै १९८८ला संपलं. ७८ भाग, आठवड्याला एक. मार्च २०२०मध्ये टाळेबंदीत दूरदर्शनने ते पुन्हा दाखवलं तेव्हा रोज दोन भाग लावले आणि दीड वर्षाची मालिका साधारण तीन आठवड्यांत उरकली. आठवडाभराच्या खंडाचा हिशोब धरून लिहिलेल्या मालिकेत मागचं पुन्हा सांगणं, लांबलेल्या नजरा, प्रत्येक भागाच्या शेवटी तीच कलाटणी हे सगळं असतंच. सलग पाहिलं की तेच डोक्यात जातं. आठवड्याला एक जमत नसेल तर दोन करा, पण एका रात्रीत सहा नकोत.

## टप्पा ७: पाहताना

फोन दुसऱ्या खोलीत. गती दीडपट करायची नाही. गाणी पुढे ढकलायची नाहीत, निदान पहिल्या खेपेला. पहिली वीस मिनिटं काहीही मत बनवायचं नाही. त्या काळचे सिनेमे पात्रांची ओळख करून द्यायला निवांत वेळ घेतात, कारण प्रेक्षक उशिरा येऊन अंधारात खुर्ची शोधत असायचा.

मध्ये थांबवून ‘हा कलाकार आता काय करतो’ ते शोधू नका. निम्मे कलाकार आता हयात नाहीत हे कळतं आणि पुढचा सिनेमा पाहण्याऐवजी आपण श्रद्धांजल्या वाचत बसतो.

कागदावर तीन खुणा पुरेत: आठवत होतं तसंच असेल तर बरोबरची खूण, वेगळं निघालं तर फुली, अजिबात आठवत नव्हतं तर गोल. गोलांकडे जास्त लक्ष द्या. लहानपणी जे डोक्यावरून गेलं होतं ते तिथे असतं. ‘अशी ही बनवाबनवी’मध्ये मुलांना साडी नेसलेले पुरुष दिसतात. भाड्याच्या घरासाठी वणवण केलेल्या माणसाला दिसतं की लीलाबाई काळभोरांना फक्त जोडपीच भाडेकरू म्हणून हवी आहेत आणि सगळं सोंग त्या एका अटीपायी उभं आहे.

खटकणारे प्रसंगही येतील. बायकोला मारलेली थप्पड विनोद म्हणून, मुलीचा पाठलाग प्रेम म्हणून, जाड किंवा काळ्या माणसाची टिंगल, अपंगाची नक्कल. इथे दोन चुका होतात. एक, लगेच बंद करून ‘काय भयंकर होतं हे’ असा निकाल. दुसरी, ‘तेव्हा तसंच होतं’ म्हणून हसून सोडणं. तेव्हाही सगळे हसत नव्हते. तुमच्या घरात कोण हसलं नव्हतं, ते टप्पा १च्या कागदावर पाहा, कदाचित सापडेल. बाजूला खूण करा आणि पुढे पाहा. मुलं शेजारी असतील तर थांबवून एका वाक्यात ‘हे चूक आहे’ म्हणा आणि पुन्हा सुरू करा. व्याख्यान नको.

सावधान: मालिका चौथ्या भागापर्यंत पकड घेत नसेल तर सोडा. नॉस्टॅल्जियापोटी उरलेले बावीस भाग ओढण्यात काही अर्थ नाही. सिनेमा मात्र एकदा सुरू केला की पूर्ण करा, दोन तासांचाच प्रश्न आहे.

## टप्पा ८: नंतर

त्याच रात्री घरच्या ग्रुपवर निकाल जाहीर करू नका. एक झोप होऊ द्या. सकाळी दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि फुल्या वाचा.

फुल्या तीन प्रकारच्या निघतात. काही तुमच्या आठवणीतल्या चुका असतात: दोन सिनेमांतले प्रसंग एकत्र झालेले, दुसऱ्याच्या तोंडचं वाक्य नायकाला दिलेलं. काही प्रतीच्या असतात, प्रसंग होता पण इथे कापला आहे. त्यांच्यासाठी टप्पा ३कडे परत जा, लांबीचा हिशोब पुन्हा करा, दुसरी प्रत मिळते का पाहा. उरलेल्या फुल्या खऱ्या. सिनेमा तुम्हाला वाटत होता त्यापेक्षा वेगळा आहे, कधी कमी, कधी जास्त. मत द्यायचं ते या तिसऱ्या ढिगावर.

त्या काळी बरोबर असलेल्या एखाद्या माणसाला फोन करा, पण ‘कसा वाटला होता’ असं मोघम विचारू नका. नेमका एक प्रसंग सांगा आणि त्याला काय आठवतं ते विचारा. वयस्कर आई-वडील, आत्या, काका असतील तर हा फोन पुढे ढकलू नका.

पुढचं नाव निदान एक आठवड्याने घ्या. लागोपाठ पाहिलं की त्याच काळचे तेच कपडे, तेच दिवाणखाने, तेच खलनायक एकमेकांत मिसळतात आणि प्रत्येक सिनेमा आधीच्यासारखा वाटू लागतो.

आणि टेपवरून फाइल करून घेतली असेल तर ती आजच नीट नाव देऊन ठेवा: सिनेमाचं किंवा मालिकेचं नाव, वर्ष, कोणाकडची टेप, कधी उतरवली. एक प्रत संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि शक्य असल्यास ती डिस्क दुसऱ्या घरी. मूळ टेप फेकू नका. बुरशी साफ करून, कोरड्या डब्यात, पुस्तकासारखी उभी ठेवा.